सराफ्यात रात्र कशी होते: आमच्या गेममधल्या घड्याळाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीचे पाहुणे गेले आणि आज शेवटी प्रोजेक्टचं फोल्डर बनवलं. गेम एका गल्लीचा आहे, आपल्या इंदूरच्या सराफ्याचा. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या आणि रात्री त्याच पेढ्यांच्या ओटल्यांपुढे खाण्याचे ठेले, बाहेरगावच्या लोकांना हे सांगितलं की आधी खरं वाटत नाही आणि एकदा आले की रात्री दोनपर्यंत हलत नाहीत. माझे आजोबा इथे एका पेढीवर मुनीम होते. रात्री येताना कागदात गरम मूगभजी आणायचे, आणि ती भजी ज्या ओटल्यावर त्यांनी दिवसभर हिशेब लिहिला त्याच्याचसमोर तळलेली असायची. लहानपणी मला कळायचंच नाही की दुकान गेलं कुठे आणि कढई आली कुठून. गेम त्यासाठीच करतोय.

गोष्ट छोटी आहे. ताईचं लग्न, आजीच्या नथीतला मोती निसटलाय, अकरा वर्षांचा मुलगा नथ घेऊन सोनाराकडे जातो, नथ तयार होईपर्यंत बाजार बदलतो.

कोड मी करतोय, मॉडेल मावसभाऊ करतोय. इंजिन, म्हणजे ज्यावर गेम बांधतात ते सॉफ्टवेअर, गोडो ४. चालायला हवा फोनवर, कारण घरात कोणाकडे गेमिंगचा पीसी नाही आणि ज्यांना दाखवायचाय त्यांच्याकडे तर नाहीच. टेस्टचा फोन ४ जीबी रॅमवाला, तीन वर्षं जुना.

आज ठरवलं ते लिहून ठेवतो. गल्ली पूर्ण मोकळी, घड्याळ सतत चालू, खेळणाऱ्याचं एक सेकंद म्हणजे गेममधलं एक मिनिट, म्हणजे २४ मिनिटांत अख्खा दिवस. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये हाच हिशेब आहे, माइनक्राफ्टचा दिवस २० मिनिटांचा, म्हटलं आपलंही जमेल.

१३ नोव्हेंबर

सूर्य बसवला. तीन संध्याकाळी गेल्या, खरं तर एका संध्याकाळीचं काम आहे.

पहिली चूक, सूर्य बरोबर डोक्यावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवला आणि लाइट वळवायला, दिलेल्या बिंदूकडे तोंड करणारा तयार आदेश, लुक-अ‍ॅट वापरलं. बारा वाजले की एका फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रापुरत्या, सगळ्या सावल्या उलट्या आणि कन्सोलमध्ये लाल एरर. लाइटची दिशा आणि वरची दिशा एकाच रेषेत आली की लुक-अ‍ॅटला कळत नाही कुठे वळायचं. लुक-अ‍ॅट काढून सरळ रोटेशन दिलं आणि सूर्याला दक्षिणेकडे कलवलं. कलवताना कळलं की तसंही इंदुरात डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम ४४ अंशांवर असतो, डोक्यावर तो येतो जूनमध्ये. आमची गोष्ट लग्नसराईतली, थंडीतली, म्हणजे आधीचा सूर्य चुकीचाच होता.

दुसरी चूक, रात्री सूर्य क्षितिजाखाली गेला तरी लाइट चालूच. जमिनीचा मेश, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग, पातळ, खालून उजेड येऊन दुकानांची छतं आतून उजळायला लागली. मला वाटलं मॉडेलमध्ये भोकं आहेत, मावसभावाला अर्धा दिवस भिंती शिवायला लावलं. त्याचा अर्धा दिवस फुकट गेला. सूर्य खाली गेला की लाइटची एनर्जी शून्य करा, एवढंच करायचं होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

दुकानं उघडणं-मिटणं घातलं. पेढ्या सकाळी अकरा ते रात्री आठ, ठेले रात्री नऊ ते दोन.

पेढ्या लगेच चालल्या, ठेले एकदाही आले नाहीत. दोन तास ठेल्याचा सीन तपासला, जागा तपासली, लेयर तपासले. अट लिहिली होती "वेळ नऊपेक्षा जास्त आणि दोनपेक्षा कमी". २१ पेक्षा जास्त आणि त्याच वेळी २ पेक्षा कमी असा आकडा नसतो. मध्यरात्र ओलांडणाऱ्या दुकानाला "आणि"च्या जागी "किंवा" लागतं. ज्याच्या गेममध्ये रात्रीचं दुकान आहे त्याने हे आत्ताच लिहून ठेवा.

२४ नोव्हेंबर, रविवार

हा आठवडा दिव्यांचा.

एका ठेल्याला दोन बल्ब, ठेले २२, म्हणजे ४४ बल्ब, सगळे ओम्नी लाइट, म्हणजे चहूबाजूंनी उजेड टाकणारे. लॅपटॉपवर एडिटरमध्ये बघितलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं, खरंच, असं वाटलं की जेल रोडकडून चालत आत शिरलोय. मग फोनवर टाकलं आणि रस्ता काळा. आठ बल्बांचाच उजेड जमिनीवर पडतोय, आणि पुढे चाललं की कुठले आठ ते बदलत राहतं, चालता चालता पायाखालचा उजेड विझतो आणि दहा पावलांवर पेटतो.

गोडोच्या मोबाइल रेंडररमध्ये (रेंडरर म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग) एका मेशवर ८ ओम्नी आणि ८ स्पॉट, म्हणजे एकाच दिशेला उजेड टाकणारे, एवढेच पडतात. लॅपटॉपवर मी दुसऱ्या रेंडररवर बघत होतो म्हणून दिसलं नाही. आणि आमचा रस्ता म्हणजे १४० मीटरचा एकच मेश. उपाय साधा पण कंटाळवाणा, रस्त्याचे तुकडे करा. मावसभावाने १४ तुकडे केले, मी दोन ठेल्यांत मिळून एक ओम्नी ठेवला, बाकीचे बल्ब नुसते चमकणाऱ्या मटेरियलचे. आता कुठल्याही तुकड्यावर पाचाच्या वर लाइट पडत नाहीत. सावल्या सगळ्या ओम्नींच्या बंद, माणसाच्या पायाखाली एक काळसर गोल ठेवला, गर्दीत कोणाच्या लक्षातही येत नाही.

तुम्ही फोनसाठी करत असाल तर पहिल्या दिवसापासून एडिटरही मोबाइल रेंडररवर ठेवा. माझे त्यात नऊ तास गेले.

खर्च: ठेल्यांचा एक तयार पॅक विकत घेतला, १,४५० रुपये. हॉट डॉगच्या गाड्या निघाल्या, छत्रीवाल्या. आपल्या ठेल्याचं चाक वेगळं, उंची वेगळी, तव्यापुढे बर्फाची लादी नाही, काहीच जुळेना. पैसे परत मिळाले नाहीत. मावसभावाने चार संध्याकाळी बसून स्वतः केले: कढईचा, मोठ्या तव्याचा, थाळ्यांच्या उतरंडीचा आणि गराडूचा, म्हणजे थंडीत तळून विकतात त्या कंदाचा.

८ डिसेंबर, रविवार

पहिली टेस्ट. बहीण, तिच्या दोन मैत्रिणी, शेजारचे काका आणि बिल्डिंगमधली दोन मुलं. सहा जण, गॅलरीत चटई टाकून.

जे झालं ते तसंच लिहितो.

मुलगा नंबर एक सरळ सोनाराकडे गेला, नथ दिली, गेममध्ये दुपारचे दोन. आता ठेले नऊला. सात तास म्हणजे खरी सात मिनिटं. तो गल्लीत तीन चकरा मारून आला, सगळ्या पेढ्यांत डोकावला आणि मग फोन चटईवर उलटा ठेवून पतंगाच्या मांज्याबद्दल बोलायला लागला.

काका निवांत माणूस. त्यांनी प्रत्येक पाटी वाचली, गायीमागे गेले, एका ओटल्यावर बसलेल्या माणसाशी दोनदा बोलले. सोनाराकडे पोचले तेव्हा आठ वाजून गेलेले, शटर बंद. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत म्हणजे आणखी जवळजवळ १५ मिनिटं. ते म्हणाले, "बेटा, मी काय चुकलो?" काहीच चुकले नव्हते, ते गल्ली बघत होते आणि मला तेच हवं होतं.

बहिणीने तिसरी गोष्ट पकडली. म्हणाली, दादा, मी राजवाड्याकडून चार वाजता शिरले, गल्लीच्या टोकाला पोचले तर साडेपाच वाजले, एवढ्याशा गल्लीला दीड तास लागतो का? १४० मीटर, चालायला ९० सेकंद, माझ्या हिशेबाने ९० मिनिटं. मोठ्या नकाशात हे खपतं, कारण शहराच्या या टोकाहून त्या टोकाला गाडीने जाताना दोन तास गेले तर मन मान्य करतं. गल्ली जेवढी लहान तेवढं पळणारं घड्याळ खोटं वाटतं. उलट घड्याळ मंद केलं तर मुलगा नंबर एकला सातच्या जागी वीस मिनिटं थांबायला लागेल. दोन्ही बाजूंनी अडकलो.

१५ डिसेंबर, रविवार

मधला उपाय म्हणून "ओटल्यावर बस" हे बटन दिलं, बसलं की वेळ पुढे जातो.

बसलं की दोन ते नऊ अशी उडी, आणि नऊला पेढ्यापण उघड्या आणि ठेलेपण हजर, एकात एक घुसलेले. कारण मी "आठ वाजले की पेढी बंद कर" अशी घटना लिहिली होती आणि उडीत आठ वाजलेच नाहीत. अजून एक, काही वेळा उडी न मारताही पेढी बंद व्हायची नाही, कारण वेळ डेल्टाने, म्हणजे दोन फ्रेममधल्या अंतराने, वाढतो, दशांशात, आणि मी "बरोबर २०.० आहे का" असं विचारत होतो. तो कधी १९.९९९९ असतो आणि पुढच्या फ्रेमला २०.०००२.

सगळं उलटं केलं. घटना नाहीतच. प्रत्येक दुकान दर सेकंदाला एकच प्रश्न विचारतं, आत्ता किती वाजले, आणि त्यावरून आपण उघडं की बंद ते ठरवतं. उडी मारा, सेव्ह उघडा, मागे जा, काही फरक पडत नाही. दहा तासांचं काम झालं पण हा भाग नंतर पुन्हा मोडला नाही.

बटन मात्र मला आवडलं नाही. बसायचं, पडदा काळा, उजळलं की रात्र. आजोबांच्या पुडीतल्या भज्यांसारखंच झालं, मधलं काहीच दिसलं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

आज कोड बंद. दुपारी साडेतीनपासून रात्री साडेबारापर्यंत सराफ्यात, वही, फोन आणि जुना साउंड रेकॉर्डर, ३,२०० रुपयांना घेतलेला. वर्षातला सगळ्यात लहान दिवस मुद्दाम निवडला.

वहीतून उतरवतो.

साडेचार: वरच्या मजल्यांवर ऊन, खाली गल्लीत सावली. अरुंद गल्ली आहे, थंडीत ऊन तळाला पोचतच नाही. माझ्या गेममध्ये रस्त्यावर उन्हाचे पट्टे आहेत, काढायचे.

पावणेसहा: सूर्यास्त. आणि काहीही बदललं नाही! हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलंय. पेढ्यांचे पांढरे दिवे आधीच लागलेले होते, बायका बांगड्या घालून बघत होत्या, सोनार चिमट्याने तार वळवत होता. आकाश काळं झालं तरी बाजाराचा दिवस चालूच.

साडेसात: पहिलं शटर. आवाज रेकॉर्ड केला. आधी अर्ध्यावर ओढतात, मग आतला माणूस वाकून बाहेर येतो, मग पूर्ण.

पावणेआठ ते साडेआठ: एकेक पेढी मिटते. जायच्या आधी ओटला झाडतात. तो केर गल्लीत लोटत नाहीत, डब्यात भरतात. घरी आजीला विचारलं तर म्हणाली, सोनाराच्या दुकानातला केर कोणी फेकत नाही रे, त्यात सोन्याचा कीस असतो, झारेकरी धुऊन काढतो. हे गेममध्ये यायलाच हवं.

साडेआठनंतर: ठेले ढकलत येतात. शटर पडल्यापासून त्याच जागी कढई चढेपर्यंत एका ठिकाणी मी मोजलं, अकरा मिनिटं. दोन ठिकाणी पेढीवाला कुलूप लावत होता आणि ठेलेवाला बाजूला उभा राहून त्याच्याशी बोलत होता, आणि ठेल्याची वायर त्याच्याच बोर्डातून घेत होता. लोक सांगतात की रात्री वर्दळ राहिली तर चोराची हिंमत होत नाही म्हणून पेढीवाल्यांनीच हे ठेले लागू दिले. ते बोलणं बघितल्यावर मला ते पटतं.

दहा: पाय ठेवायला जागा नाही.

मी सहा आठवडे सूर्य फिरवत होतो. सराफ्याचा दिवस सूर्यावर चालतच नाही. जूनमध्ये सूर्य सव्वासातला मावळतो, डिसेंबरात पावणेसहाला, दीड तासाचा फरक, आणि ठेले दोन्ही वेळेला आपल्या वेळेवर येतात. इथे रात्र करतो तो शटर ओढणारा माणूस.

५ जानेवारी २०२५, रविवार

लिहायला उशीर झाला. दरम्यान मी दुसऱ्या टोकाला गेलो.

ठरवलं की मोकळं घड्याळ नकोच, सरळ रेषेतला गेम करू. सहा प्रकरणं, प्रत्येकाची वेळ ठरलेली: साडेचार, पावणेसहा, साडेसात, नऊ, दहा, रात्री एक. वेळ हलतच नाही म्हणून उजेड आधीच मोजून पक्का करून, म्हणजे बेक करून, ठेवता येतो, लाइटमॅपमध्ये, म्हणजे भिंती-रस्त्यांवर चिकटवलेल्या उजेडाच्या चित्रांत. हाफ-लाइफ २ आठवत होता, तिथे दिवसाची कुठली वेळ कुठे ते बनवणाऱ्याने ठरवलेलं, रेवनहोम गावाला आपण रात्रीच पोचतो, कितीही रेंगाळलात तरी.

एक बेक माझ्या लॅपटॉपवर साधारण तीन तास. सहा वेळांचे सहा, शिवाय चुकून परत केलेले पाच, म्हणजे तेहेतीस तास लॅपटॉप पंख्याखाली ठेवून. दोनदा रात्री लाइट गेली आणि बॅटरी संपून बेक अर्धवट मेला, तेव्हापासून दिवसा करतो. फाइलचा आकार ८८ एमबीवरून ३१० एमबी.

पण दिसतंय काय! पेढीचा पांढरा उजेड पितळी तराजूवरून परतून भिंतीवर पडतो. फोन गरम होत नाही, सेकंदाला ६० फ्रेम पक्के. मावसभाऊ म्हणाला, झालं, आता याला हात लावू नको.

१९ जानेवारी, रविवार

दुसरी टेस्ट. यावेळी कोणीच अडकलं नाही, कोणीच कंटाळलं नाही, सगळ्यांनी २० ते २५ मिनिटांत संपवला. मुलगा नंबर एकने दोनदा खेळला.

शेवटी आजीच्या हातात दिला. तिला जॉयस्टिक जमत नाही म्हणून चालवत मी होतो, ती सांगत होती इकडे चल, तिकडे चल. साडेसातचं प्रकरण संपलं, पडदा काळा, पाटी आली "रात्री नऊ", आणि ठेले. आजी थांबली. म्हणाली, "अरे, शटर कोणी ओढलं? ओटला कोणी झाडला? तू मधलंच दाखवलं नाहीस."

मग म्हणाली की आजोबा कधी कधी तिला त्या वेळेला बोलवायचे, सव्वाआठला, फक्त ते बघायला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. मला हे माहीत नव्हतं.

त्या रात्री काही लिहिलं नाही. तीन दिवस प्रोजेक्ट उघडला नाही.

२६ जानेवारी, रविवार

सुट्टीचा दिवस, सकाळी पोहे-जलेबी आणून दोघं कागद घेऊन बसलो. कोड नाही, फक्त प्रश्न: वेळ कोणाच्या हातात?

मोकळ्या गेममध्ये वेळ घड्याळाच्या हातात होता, आणि घड्याळाला काकांची पर्वा नव्हती. सरळ गेममध्ये वेळ आमच्या हातात होता आणि आम्ही नेमकं तेच कापलं ज्यासाठी गेम सुरू केला. जुने गेम आठवून बघितले. झेल्डाच्या ऑकरिना ऑफ टाइममध्ये, १९९८ च्या, मैदानात सूर्य चालतो पण गावात शिरलं की घड्याळ थांबतं, गावात तुम्हाला कोणी घाई करत नाही. २००० साली आलेल्या मजोराज मास्कमध्ये उलट, तीन दिवसांचं घड्याळ सतत डोक्यावर, सगळी माणसं आपापल्या वेळापत्रकाने जगतात, आणि ते तीन दिवस खऱ्या वेळेत तासाभराच्याही आत संपतात, गाणं वाजवून मंद करता येतात पण धाकधूक राहतेच. त्या गेममध्ये आकाशातून चंद्र पडणार असतो, तिथे धाकधूक हवी. नथ घेऊन गेलेल्या पोराला कशाला?

कागदावर जे उरलं ते असं. वेळ कामाने सरकेल. नथ सोनाराला दिली की साडेचारचे पावणेसहा होतात, मोती निवडला की साडेसात. कामांच्या मध्ये तुम्ही गल्लीत हवं तेवढं फिरा, तासभर गायीमागे जा, उजेड हलणार नाही, शटर पडणार नाही. काकांसाठी हे. आणि एकच तुकडा असा असेल की तो सलग, न कापता, डोळ्यांपुढे घडेल: साडेसातचं पहिलं शटर ते पहिली कढई. तो मुलगा नंबर एकसाठी, आणि आजीसाठी.

वेळ सरळ रेषेत, गल्ली मोकळी.

एक फायदा कागदावरच लक्षात आला. तो तुकडा घडतो तेव्हा सूर्य मावळून पावणेदोन तास झालेत. आकाश आधीच काळं. म्हणजे हलणारा सूर्य लागतच नाही! फक्त दिवे बदलतात. नोव्हेंबरातला सगळा सूर्याचा कोड आज काढून टाकला. वाईट वाटलं, पण काढला.

९ फेब्रुवारी, रविवार

लाइटमॅप आता चारच: साडेचार, पावणेसहा, साडेसात, आणि चौथा रात्रीचा, ज्यात फक्त आकाशाचा आणि बंद भिंतींचा फिका उजेड. ठेल्यांचे बल्ब त्यावर जिवंत ओम्नी, चौदा तुकड्यांवाल्या रस्त्यावर. फाइल २१५ एमबी.

अडचण, लाइटमॅप बदलला की झटका दिसतो, एकातून दुसऱ्यात हळूहळू विरघळत नाही. मी शेडरमध्ये, म्हणजे रंग-उजेड ठरवणाऱ्या छोट्या कोडमध्ये, दोन्ही मिसळायचा प्रयत्न केला, पाच रात्री गेल्या, फोनवर २२ फ्रेम. सोडून दिलं. मग बहिणीने सुचवलं की सोनार नथ हातात घेतो तेव्हा कॅमेरा तसाही नथीच्या जवळ जातो, बाहेरची गल्ली दिसतच नाही, तेव्हा बदल. बदलला. ऐरणीवर हातोडीची टिकटिक चालू राहते, नथ मोठी दिसते, वर बघितलं की बाहेर संध्याकाळ. सोनाराकडे बसल्यावर खरंही असंच होतं, मान वर केली की उशीर झालेला असतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

शटर ते कढई हा तुकडा. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि इथेच जावा असं मला वाटतं.

२२ ओटले, प्रत्येकाच्या सहा अवस्था: उघडी पेढी, मिटणारी पेढी, झाडू, रिकामा ओटला, लागणारा ठेला, चालू ठेला. एका ओटल्याला सगळं पार करायला ४० ते ७० सेकंद, अख्ख्या गल्लीला साधारण सात मिनिटं.

पहिल्यांदा क्रम रॅन्डम ठेवला. खेळणारा पुढे बघतोय आणि घडतंय सगळं पाठीमागे, वळलं तर झालेलं. मग नियम केला की पुढचा ओटला नेहमी खेळणाऱ्याच्या समोरचा आणि १२ मीटरच्या आतला. आता दिसायचं सगळं, पण जिकडे बघावं तिकडे नेमकं तेव्हाच शटर पडतंय. मावसभाऊ म्हणाला हे गणपतीतल्या हलत्या देखाव्यासारखं वाटतंय, आपण आलो की मोटर सुरू. बरोबर होतं त्याचं. शेवटी पाचातले तीन समोर, दोन पाठीमागे, आणि पाठीमागच्यांचा आवाज मोठा. पाठीमागे शटर घरंगळल्याचा आवाज येतो, माणूस वळतो, तोपर्यंत झाडू सुरू झालेला असतो. ते वळणं महत्त्वाचं निघालं.

रिकाम्या ओटल्याची अवस्था मी आधी दोन सेकंदांची ठेवली होती, टेस्टमध्ये कोणाला दिसलीच नाही. आता पंधरा सेकंद. पांढरा दिवा गेलाय, पिवळा बल्ब अजून लागलेला नाही, फक्त दगड. गेममधली माझी सगळ्यात आवडती पंधरा सेकंदं आहेत ती.

उजेडाबद्दल एक: पेढीचे दिवे एकदम विझवू नका. बाहेरचा आधी, आतला शटर अर्ध्यावर आल्यावर, म्हणजे शटरखालून पांढरी पट्टी बारीक होत जाते. दोन लाइटचं काम आहे, खर्च काही नाही.

१६ मार्च, रविवार

फोनवर फ्रेम या तुकड्यात ४१ वर पडत होते. शोधलं तर दिवे नव्हतेच कारण, कढईची वाफ होती, २२ ठिकाणचे पार्टिकल, म्हणजे वाफेचे बारीक ठिपके. लांबच्या ठेल्यांची वाफ बंद केली, परत ५७-५८.

बुधवारी रंगपंचमी आहे, गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघणार, राजवाड्याकडे पाय ठेवता येणार नाही, म्हणून राहिलेले आवाज काल रात्रीच घेतले. रेकॉर्डरवर वाऱ्यापासून वाचवायला मोजा घातला होता, चांगलं काम झालं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

तिसरी टेस्ट, त्याच सहा जणांवर आणि चार नव्या. सगळ्यात कमी वेळ २६ मिनिटं, काकांना एक तास दहा मिनिटं, आणि दोघांनीही तो सात मिनिटांचा तुकडा पूर्ण बघितला. मुलगा नंबर एकने मध्येच विचारलं, हे झाडून डब्यात का भरतायत, आणि बहिणीने त्याला सांगितलं.

दोन जणांना मात्र कळलं नाही की काम केल्याशिवाय वेळ पुढे जाणार नाही, ते रात्र व्हायची वाट बघत उभे राहिले. त्यांच्यासाठी सोनार आता हाक मारतो, "अरे, मोती निवडतोस ना?" दोन मिनिटांनी एकदा, जास्त नाही.

हिशेब: पाच महिने, नोकरी सांभाळून माझे साधारण ३४० तास, मावसभावाचे २१०. यातले माझे ९० तरी फेकून दिलेल्या कोडचे. पैसे ४,६५० आणि प्ले स्टोअरच्या खात्याचे एकदाच भरायचे २५ डॉलर, ते अजून भरलेले नाहीत.

राहिलेलं: अकराव्या ओटल्याचा बल्ब ठेला लागायच्या आधी एक क्षण पेटून विझतो, सेव्ह उघडल्यावरच होतं, कारण सापडलेलं नाही. गराडूच्या ठेल्याचा तळणाचा आवाज अजून मूगभज्यांचाच आहे, गराडू आता पुढच्या थंडीतच मिळणार. आणि आजीने आज पुरणपोळीनंतर पुन्हा एकदा चालवून घेतला, रिकाम्या ओटल्यापाशी मला थांब म्हणाली, आणि म्हणाली की इथे त्यांची छत्री टेकवलेली असायची, भिंतीला, डाव्या बाजूला. मावसभाऊ छत्रीचं मॉडेल करतोय, काळी, वाकड्या दांड्याची.